थरची वाळू कोण हलविते?

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास वाळू म्हटली की नदीचे पात्र आठवते. वाळू ही बांधकामाची वस्तू. तीत पीक घ्यावयाचे असते ही गोष्ट त्याच्या ध्यानीमनी नसते. पश्चिम राजस्थानातील शेतकरी मात्र पिढ्यानुपिढ्या वाळूतच नांगर धरीत आला आहे. चुरू, बिकानेर, नागौर, जोधपूर, बाडमेर ह्या जिल्ह्यांत बाजरी, मटकी, गवार आणि तीळ ही महाराष्ट्राच्या ओळखीचीच पिके वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, उतारांवर व दोन टेकड्यांमधील सखल पट्ट्यांत उभी असतात. ह्या टेकडीस तेथे ‘धोरा’ म्हणतात. पश्चिम राजस्थानचा निम्म्याहून अधिक भूभाग अशा धोऱ्यांनी व्यापलेला असून, जगातील अत्यंत दाट वस्तीच्या वाळवंटांत थरची गणना होते. तेव्हा धोरा स्थिर राहतो की चालू लागतो, हा प्रश्न तेथे लक्षावधी कुटुंबांच्या पोटाचा आहे.

ह्या प्रश्नाचे एक सोपे उत्तर फार दिवस प्रचारात आहे. पाऊस कमी झाला की वाळवंट पुढे सरकते, पाऊस वाढला की मागे हटते, असे ते उत्तर. १९५२ साली राजपुतान्याच्या वाळवंटाविषयी विचार करण्यासाठी राष्ट्रीय विज्ञान संस्थेने परिसंवाद भरविला होता. त्या सुमारास हे वाळवंट दरवर्षी अर्धा मैल ह्या वेगाने पूर्वेकडे चालून येत आहे, अशी भीती बोलून दाखविली जात असे. पुढील काळातील पाहणीत असे सरसकट आक्रमण आढळले नाही. परंतु वाळवंट म्हणजे दूरवरून चाल करून येणारी एक फौज आहे, हे चित्र लोकांच्या मनात पक्के बसले ते बसलेच. फौज म्हटली की तट आलाच. तेव्हा सरहद्दीवर वृक्षांचा पट्टा उभारावा अशी सूचना त्या काळी पुढे आली, आणि २०२३ साली केंद्र शासनाने अरवली पर्वताच्या दोन्ही अंगांस पाच किलोमीटरचा हरित पट्टा करण्याची योजना हाती घेतली, तिच्या नावातही भिंतीचीच कल्पना आहे.

वाळूचा स्वतःचा इतिहास काही निराळेच सांगतो. थरचे बहुसंख्य धोरे अलीकडच्या दुष्काळांनी आणून टाकलेले नाहीत. ते हिमयुगाच्या अखेरीच्या वाऱ्यांनी रचले आहेत. त्यांची रचना झाली ती अवर्षणाच्या ऐन कडाक्यात नव्हे. वारा जोर धरू लागला होता आणि जमीन अद्याप उघडी होती, अशा संधिकाळात झाली. ही गोष्ट ध्यानात घेतली तर धोऱ्यावरील शेतीकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागेल.

हिमयुगातील वारा

सुमारे २१,००० वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग आपल्या परमावधीस पोहोचले होते. कॅनडावर व उत्तर युरोपवर दोन-तीन किलोमीटर जाडीचे बर्फाचे थर होते. समुद्राचे इतके पाणी बर्फात अडकले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली गेली होती. भारतात एवढे बर्फ हिमालयाबाहेर कोठेही नव्हते. परंतु मोसमी पावसावर त्या थंडीचा फार मोठा परिणाम झाला. उन्हाळ्यात आशियाचा भूभाग तापतो, समुद्र त्या मानाने थंड राहतो, आणि ह्या फरकामुळे समुद्रावरील वारे जमिनीकडे ओढले जातात, हे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे मूळ होय. हिमयुगात जमीनच पुरेशी तापेनाशी झाली. साहजिकच वारे दुबळे झाले आणि पाऊस घटला.

ह्याचा पुरावा समुद्राच्या तळाशी सापडला आहे. नैर्ऋत्य वारे जोरात वाहतात तेव्हा अरबस्तानच्या किनाऱ्यालगत खोल समुद्रातील थंड पाणी वर येते, आणि त्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचे तळावर साठत जातात. तळाच्या गाळाचे उभे नमुने काढून पाहिले असता हिमयुगाच्या थरांत ही कवचे कमी आढळतात. राजस्थानातील खाऱ्या सरोवरांचीही साक्ष तीच आहे. नागौर भागातील डिडवाण्याचे सरोवर त्या काळी इतके आटले होते की त्याच्या तळाशी क्षारांचे थर बसले. सांभर, डिडवाणा व लूणकरणसर येथील गाळातील परागकण तपासून गुरदीप सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली त्या प्रदेशातील वनस्पतींचा व हवामानाचा जो इतिहास प्रसिद्ध केला, तो ह्या विषयातील पायाभूत काम मानला जातो.

आता साध्या तर्काने पाहिले तर हिमयुगाच्या ह्या कोरड्या काळातच धोरे सर्वांत वेगाने वाढावयास हवे होते. बरीच वर्षे विद्वानांचीही समजूत तशीच होती. ती बदलली वाळूचे वय मोजण्याची रीत हाती आल्यावर.

ही रीत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. जमिनीत सर्वत्र अत्यल्प प्रमाणात किरणोत्सर्गी द्रव्ये असतात. वाळूचा कण पुरला गेला की ह्या किरणांची ऊर्जा त्यात थेंबाथेंबाने साठू लागते. कणगीत रोज मूठभर धान्य पडावे तसा हा साठा वाढतो. कणावर सूर्यप्रकाश पडला की कणगी रिकामी होते. पुन्हा पुरला गेला की ती नव्याने भरू लागते. प्रयोगशाळेत कणास उष्णता किंवा प्रकाश देऊन ही ऊर्जा बाहेर काढता येते व तिच्या चमकेवरून कण किती वर्षे अंधारात होता ते कळते. म्हणजे वाळू शेवटची केव्हा उडाली आणि केव्हा स्थिरावली, ह्याची तारीख वाळूच्याच पोटात असते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील अशोक सिंघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थानच्या धोऱ्यांची अशी वये १९८२ साली प्रथम प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर शेकडो मैलांच्या परिसरातील नमुने तपासले गेले.

निष्कर्ष अनपेक्षित निघाला. हिमयुगाच्या ऐन भरात रचलेली वाळू थरमध्ये त्या मानाने थोडीच आहे. धोऱ्यांची मोठी भर पडली ती बर्फ वितळू लागल्यानंतर, मुख्यतः सुमारे १४,००० ते १०,००० वर्षांपूर्वीच्या कालखंडात. कारण विचाराअंती सहज पटते. हिमयुगात जमीन कोरडी व उघडी होती, वाळूही भरपूर होती. नव्हता तो वारा. थरमध्ये वाळू हलविणारा वारा हा मोसमी वाराच आहे. तो चैत्र-वैशाखापासून नैर्ऋत्येकडून वाहू लागतो आणि पावसाच्या आधी दोन-तीन महिने धुळीच्या आंधीच्या रूपाने थैमान घालतो. हिमयुग सरू लागले तसा हा वारा सबळ झाला. पाऊसही वाढत होता. परंतु गवताने मुळे धरावी आणि झुडपांनी जमीन झाकावी, ह्यास अवधी लागतो. वारा आधी आला आणि हिरवळ मागाहून आली. ह्या दोहोंच्या मधल्या काळात धोरे उभे राहिले. पुढे सुमारे नऊ-आठ हजार वर्षांपूर्वी पाऊस चांगला स्थिरावला, धोऱ्यांवर माती धरली, डिडवाण्याच्या सरोवरात गोडे पाणी साठले. लूणकरणसरचे सरोवर सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी आटले, तरीही हिमयुगानंतरच्या त्या मोठ्या रचनेइतकी वाळू पुन्हा एकाच काळात हललेली दिसत नाही.

ह्या संशोधनात पुण्याचाही वाटा आहे. डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र व शरद राजगुरू ह्यांनी डिडवाण्याजवळ एका धोऱ्याचे उत्खनन केले. तेथे वाळूचा सुमारे वीस मीटरचा उभा छेद उघडा पडला आणि त्यात निरनिराळ्या खोलीवर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली. तळाकडील वाळू दीड लाख वर्षांहूनही जुनी आहे. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या छेदातील हत्यारांपेक्षाही चुनखडीचे थर अधिक बोलके आहेत. वाळूच्या दोन थरांमध्ये चुनखड्यांचे पट्टे पुनःपुन्हा येतात. पाण्याबरोबर चुना खाली झिरपून असा पट्टा तयार होण्यास वाळू दीर्घकाळ जागच्या जागी राहावी लागते. म्हणजे धोरा हा सतत चालणारा पदार्थ नव्हे. तो थोडा काळ चालतो आणि त्याच्या कित्येक पट काळ निजून राहतो.

थरच्या धोऱ्यांचा आकारही हेच सांगतो. अरबस्तानातील चंद्रकोरीसारख्या धावत्या टेकड्या थरमध्ये मुख्यतः जैसलमेरच्या पश्चिमेस आढळतात. बाकी प्रदेशातील बहुतेक मोठे धोरे केसाच्या आकड्याप्रमाणे वाकलेले आहेत; त्यांचे दोन लांब हात वाऱ्याच्या दिशेस, म्हणजे नैर्ऋत्येस, पसरलेले असतात आणि डोके ईशान्येस असते. असा आकार केव्हा येतो? टेकडीचे दोन्ही काठ झुडपांनी पकडून ठेवलेले असतात आणि मधला उघडा भाग तेवढा वारा पुढे ढकलतो, तेव्हा. हजारो वर्षांपूर्वी धोरे घडत असतानासुद्धा झुडूप आणि वारा ह्यांची ओढाताण चालू होती, तिची ही खूण होय.

वाळू उडते म्हणजे काय होते

राल्फ बॅग्नोल्ड ह्या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात हिंडून आणि प्रयोगशाळेत वाऱ्याचा बोगदा उभारून वाळूच्या हालचालीचा अभ्यास केला व १९४१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. वाळूचा कण धुळीप्रमाणे आकाशात तरंगत जात नाही, असे त्याने दाखविले. कण उडी मारतो, जमिनीवर आदळतो, आदळताना दुसऱ्या कणांस उडवितो, आणि काही कणांस नुसते पुढे ढकलतो. एकूण हलणाऱ्या वाळूपैकी सुमारे चौथा भाग असा सरपटत जातो. उडी मारणारी वाळूही बहुतांशी गुडघ्याच्या उंचीखालीच असते. माणसाच्या डोळ्यांत जाते ती धूळ. शेत गाडते ती वाळू पायाशी धावत असते.

शेताच्या दृष्टीने ह्याचा अर्थ उघड आहे. वाळू अडविण्यास उंच झाड लागतेच असे नाही. गुडघाभर झुडूप, कापणीनंतर उभे ठेवलेले बाजरीचे धसकट, सेवण गवताचा थोंब, एवढ्यानेही वाऱ्याचा जमिनीलगतचा वेग मोडतो व उडणारा कण पहिल्या-दुसऱ्या उडीतच पडतो. उलट, खालून बोडकी आणि वर छत्री धरलेली झाडांची रांग वाळू अडविण्यास फारशी उपयोगी नाही. तिच्या बुंध्यांमधून वारा मोकळा वाहतो.

जुना राजस्थानी शेतकरी बॅग्नोल्ड वाचलेला नव्हता; त्याची रीत मात्र ह्याच तत्त्वावर उभी होती. तो उंटाच्या हलक्या लाकडी नांगराने जमीन वरवर चिरीत असे. शेतातील रानबोरीची झुडपे तो मुळासकट उपटीत नसे. वरून छाटून पाला जनावरांस घाली, आणि खालचा गड्डा पुन्हा फुटे. खेजडी, म्हणजे महाराष्ट्रात दसऱ्यास जिची पूजा होते ती शमी, त्याच्या बाजरीतच उभी असे. तिच्या फांद्या थंडीत छाटावयाच्या, चारा व सरपण घ्यावयाचे, आणि बुंधा राखावयाचा. दोन-तीन वर्षे पीक घेतल्यावर जमीन काही वर्षे पडीक सोडावयाची. धोऱ्याचा माथा तर नांगराखाली आणावयाचाच नाही. तो फोग आणि खींप ह्या झुडपांचा व गाईगुरांचा. देवाच्या नावाने राखलेली ओरण व गावाची गोचर जमीन ह्यांवर कोणी एकट्याने हक्क सांगत नसे.

ही घडी मोडली, ती एका दिवसात नव्हे व एकाच कारणाने नव्हे. जहागिरी नष्ट करण्याचा कायदा १९५२ साली आणि कूळकायदा १९५५ साली आला. कसणारास जमीन मिळाली हे न्याय्यच झाले. परंतु त्याच ओघात पूर्वी गुरांसाठी मोकळी असलेली पुष्कळ हलकी जमीन वाटली गेली व नांगराखाली आली. अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा ह्यांनी पश्चिम राजस्थानातील सामाईक जमिनी कशा आक्रसत गेल्या, ह्याचा पुढे तपशीलवार अभ्यास केला. लोकसंख्या वाढली, पडीक ठेवण्याची वर्षे घटली. त्यानंतर भाड्याचा ट्रॅक्टर आला. उंटास धोऱ्याचा उतार चढताना दम लागे. ट्रॅक्टरास लागत नाही. तव्यांचा नांगर रानबोरीचा गड्डा उलटवून टाकतो, आणि पहिल्या पावसाची वाट न पाहता वैशाखात, म्हणजे वारा सर्वांत जोरात असतानाच, जमीन फोडून ठेवली जाते. ह्याबद्दल शेतकऱ्यास दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण बरोबर नाही. गावात दोनच ट्रॅक्टर असले आणि पाऊस पडल्यावर ते तीन दिवसांत साऱ्या गावास पुरणार नसले, तर ज्याची पाळी वैशाखात लागते तो वैशाखातच नांगरणार.

परिणाम व्हावयाचा तोच होतो. चौदा हजार वर्षांपूर्वी निसर्गाने जी परिस्थिती निर्माण केली होती, म्हणजे सबळ वारा आणि झाकण नसलेली वाळू, तीच आज एकेका शेतापुरती माणसाच्या हाताने निर्माण होते. अशा शेताची वाळू दूरच्या वाळवंटातून आलेली नसते. ती त्याच शेताखाली हजारो वर्षे निजलेली होती.

पाऊस भरपूर असलेल्या देशातील साक्ष

पावसापेक्षा झाकण महत्त्वाचे, ह्या म्हणण्यास राजस्थानचा एकच दाखला अपुरा वाटेल. म्हणून अगदी निराळ्या हवामानातील एक उदाहरण पाहणे इष्ट होईल. नेदरलंड्स हा युरोपातील ओला, पाणथळ देश. तेथे वर्षभर मिळून सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील अनेक तालुक्यांस एवढा पाऊस नशिबी नाही. तरीही ह्या देशाच्या पूर्व व दक्षिण भागांत मैलोगणती वाळू पसरलेली आहे. हिमयुगात समुद्र मागे हटल्यामुळे उत्तर समुद्राचा तळ कोरडा पडला होता, जमीन उघडी होती, आणि वाऱ्याने ही वाळू चादरीप्रमाणे पसरली. डच भाषेत तिला जे नाव आहे त्याचा अर्थही पांघरूण-वाळू असाच होतो. हिमयुग संपल्यावर तिच्यावर रान व हीथ नावाची खुरटी झुडपे वाढली, आणि ती निजली.

मध्ययुगापासून तेथील शेतकऱ्यांनी एक पद्धत काढली. हीथची वरची साल मुळांसकट व मातीसकट चौकोनी तुकड्यांनी कापावयाची, ती मेंढवाड्यात अंथरावयाची, लेंडी-मुताने भिजली की शेतात नेऊन टाकावयाची. खताची ही युक्ती उत्तम होती. शतकानुशतके अशी भर पडून कित्येक शेते हातभर, काही तर मीटरभर उंच झाली. ती काळी सुपीक माती आजही ओळखू येते. परंतु जेथून ही साल काढली आणि वर मेंढ्या चारल्या, तेथे हिमयुगाची वाळू उघडी पडून पुन्हा उडू लागली. तिने रस्ते गाडले, शेते गाडली. व्हेलुवे भागातील कोटवाइक येथे वाळूखालून मध्ययुगीन वस्ती उत्खननात निघाली आहे. पाऊस होताच; झाकण नव्हते.

ही वाळू पुन्हा आवरली ती दोन गोष्टींनी. रासायनिक खत आले आणि बाहेरदेशची स्वस्त लोकर आली, तेव्हा हीथ सोलण्याचे व एवढ्या मेंढ्या पाळण्याचे कारणच उरले नाही; आणि १८९९ साली स्थापन झालेल्या सरकारी वनखात्याने उडत्या वाळूवर पाइनची लागवड केली. लागवड इतकी यशस्वी झाली की आता उडती वाळू नाहीशी होऊ नये म्हणून काही ठिकाणी तीच झाडे तोडली जात आहेत! भरल्या पोटी माणसास वाळूचे कौतुक वाटू लागते, ह्याचा हा एक गमतीदार नमुना. थरच्या शेतकऱ्यास ती चैन नाही.

भिंत की पांघरूण

जोधपूर येथे १९५२ साली वाळवंटी वनीकरणाचे केंद्र निघाले आणि त्याचेच १९५९ साली केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्थेत रूपांतर झाले. ह्या संस्थेने धोरा बांधण्याची जी पद्धत बसविली ती साधी व अनुभवाने सिद्ध झालेली आहे. प्रथम कुंपण घालून गुरे बाहेर ठेवावयाची. नंतर सिणिया, खींप, रानबोर ह्यांच्या फांद्या वाऱ्याच्या आडव्या रांगांनी, सुमारे पाच-पाच मीटर अंतरावर, माथ्यापासून पायथ्यापर्यंत वाळूत खोचावयाच्या; वारा दिशा बदलत असेल तेथे चौकटी पाडावयाच्या. पाऊस सुरू होताच ह्या आडोशात रोपे लावावयाची व सेवण गवताचे बी टाकावयाचे. रोपांत इस्रायली बाभळीचा भरणा मोठा. ती १९५८ साली आणली गेली आणि वाळूत झपाट्याने वाढली. ह्या पद्धतीत खरे काम प्रथम करतात त्या खोचलेल्या काटक्या, झाड नव्हे. पण अहवालात काटक्या मोजीत नाहीत, रोपे मोजतात. रोपांचा आकडा मोठा दिसतो आणि मंत्र्यांच्या हस्ते काटक्या खोचण्याचा समारंभ कोणी करीत नाही.

अरवलीच्या हरित पट्ट्याविरुद्ध बोलण्याचे कारण नाही. अरवलीच्या उजाड झालेल्या टेकड्यांवर झाडे यावीत, विहिरींस पाणी यावे, दिल्लीकडे जाणारी धूळ थोडी अडावी, हे सर्व इष्टच आहे. परंतु त्या पट्ट्याने वाळवंट थोपविले जाईल असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ते वाळूच्या इतिहासाशी जुळत नाही. सीकर, झुंझुनू, हरियाणातील भिवानी व महेंद्रगड, उत्तर गुजरातचा मेहसाणा भाग, येथे जुने धोरे शेतांखाली पूर्वीपासूनच आहेत. मेहसाण्यातील लांघणज येथे तर धोऱ्यावरच अश्मयुगीन माणसाची वस्ती होती; डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी १९४० नंतरच्या दशकात ती उजेडात आणली. ज्या भिंतीच्या दोन्ही बाजूंस वाळू आधीच आहे, ती भिंत कोणास अडविणार? पैसा आणि माणसे मोजकीच आहेत. ती भिंतीऐवजी प्रत्येक धोऱ्याच्या पांघरुणावर प्रथम खर्च झाली पाहिजेत.

हे आताच बोलण्याचे एक कारण आहे. गेल्या काही दशकांत पश्चिम राजस्थानात पावसाचे मान एकंदरीत वाढलेले दिसते. कालव्याचे व कूपनलिकांचे पाणीही आले. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी १९८७ साली जैसलमेरच्या टोकापर्यंत पोहोचले. प्रदेश पूर्वीपेक्षा हिरवा दिसतो आणि वाळूचा धोका टळला असे बोलले जाऊ लागले आहे. हिमयुगाच्या अखेरीसही पाऊस वाढतच होता. वाढत्या पावसात धोरे आपोआप निजतात असे नाही. शेतीच्या बाबतीत तर उलट घडण्याचा संभव अधिक. दोन-चार वर्षे पाऊस चांगला झाला की शेतकरी धोऱ्याच्या उतारावर आणखी वर चढतो, कारण वरही बाजरी येऊ लागते. पडीक जमीन फोडली जाते. तुषारसिंचनासाठी धोरे सपाट केले जातात. नंतर एखादे कोरडे वर्ष येते, आणि त्या वर्षीच्या वैशाखात वाऱ्यास पूर्वी कधी नव्हती एवढी उघडी जमीन मिळते. वाळू उडते ती कोरड्या वर्षी, पण तिची तयारी ओल्या वर्षांत झालेली असते. दुष्काळ जाहीर झाल्यावर धावणारी यंत्रणा म्हणूनच नेहमी उशिरा पोहोचते.

करावयाचे काम मोठे नाही, पण ते वेळच्या वेळी व गावागावांत करावयाचे आहे. धोऱ्याचा वरचा तिसरा हिस्सा नांगराबाहेर ठेवावा आणि तेथील गवत-पाल्याचा मोबदला ज्याची जमीन आहे त्यास मिळावा. नुसत्या मनाईने भुकेला माणूस थांबत नाही. ट्रॅक्टर सहकारी संस्थेकडे असेल तर पहिल्या पावसानंतरच्या पाळ्या आधी ठरवाव्यात, म्हणजे वैशाखातील नांगरणीचे निमित्त उरणार नाही. बाजरीची कणसे खुडून धसकट हातभर उभे ठेवणाऱ्यास चाऱ्याचे जे नुकसान होते, त्याचा हिशेब कृषिखात्याने मांडावा. रोपवाटिकेत इस्रायली बाभळीबरोबर फोग, रानबोर आणि खेजडीलाही जागा हवी. त्यांची वाढ सावकाश होते हे खरे. परंतु गावकरी ती राखतात, कारण त्यांतून चारा मिळतो. वेड्या बाभळीच्या बाबतीत हा अनुभव पुष्कळांनी घेतला आहे: जोधपूर संस्थानने १९४० साली तिला राजवृक्षाचा मान दिला होता, आणि आज ती उपटून काढावी कशी ह्याची चिंता आहे.

आणि पांघरूण मोजावे. त्यासाठी उपग्रहाची छायाचित्रे येतात ती येवोत. गावपातळीवरील कार्यकर्त्यास तीस मीटरची एक दोरी पुरेल. तिला दर तीस सेंटिमीटरवर एक गाठ मारावी, म्हणजे शंभर गाठी होतात. ती धोऱ्यावर वाऱ्याच्या आडवी ताणून धरावी व किती गाठींखाली गवत, झुडूप, धसकट किंवा पालापाचोळा आहे ते मोजावे. तेवढे शेकडा झाकण. माथ्यावर, मध्यावर व पायथ्याशी अशा तीन मोजण्या पुरेत. दरवर्षी त्याच जागी मोजल्यास चार-पाच वर्षांत कोणता धोरा बोडका होत चालला आहे ते तलाठ्याच्या कागदाइतके स्पष्ट होईल. मोजणी मात्र मे महिन्यातच केली पाहिजे. सप्टेंबरात पाऊस पडून गेलेला असतो, आणि त्या वेळी प्रत्येक धोरा हिरवाच दिसतो.